सुनेचं बोट, सासूचं बोट

आमच्या गावात आठ मार्चला, महिला दिनी, दोन गोष्टी होतात. पुरुष भांडी घासतात, म्हणजे घासल्यासारखं करतात, आणि बायका शाळेच्या हॉलमध्ये व्हॉलीबॉल खेळतात. त्या वर्षी सामना नदीपलीकडच्या गावाशी होता. आमच्याकडून जिपार जाळीपाशी उभी होती. समोरच्या उंच बाईनं चेंडू असा हाणला की तो जिपारच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर टोकाकडून बसला. जिपारनं हात झटकला, बोट तोंडात घातलं आणि पुढचा चेंडू घ्यायला उभी राहिली. आम्ही जिंकलो, नंतर चहा झाला, गाणी झाली. घरी जाताना तिनं मला बोट दाखवलं. मधला सांधा बोरासारखा सुजला होता.

"दुखतंय?" मी विचारलं.

"चेंडू लागल्यावर दुखणारच की, नुरिपा एजे. उद्या उतरेल."

मी जिपारच्या शेजारी राहते. एजे म्हणजे मोठी बहीण. जिपार माझ्यापेक्षा बरीच लहान आहे म्हणून तसं म्हणते. आम्ही एकाच शाळेत शिकवतो, ती पहिलीच्या मुलांना, मी भूगोल. तिचा नवरा मेदेर शाळेची गाडी चालवतो. घरात त्यांची लहान मुलगी अदेमी आणि मेदेरची आई बुरुलकान. अपा म्हणजे आई; बुरुलकान अपाला गाव मान देतं आणि थोडं बिचकतंही. ती फार बोलत नाही, आणि बोलते तेव्हा समोरच्याला आपलं काय चुकलं ते आठवायला लागतं.

बोट दुसऱ्या दिवशी उतरलं नाही, म्हणून जिपार सेयित अताकडे, म्हणजे सेयित आजोबांकडे गेली. म्हातारा माणसांची हाडं बसवतो आणि घोड्यांचीही, दोघांशी एकाच आवाजात बोलतो. त्यानं बोट दाबून पाहिलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "हाड मोडलेलं नाही." मग मेंढीच्या शेपटीची चरबी चोळली, बोट जरा वाकवून शेजारच्या बोटाशी लोकरीच्या धाग्यानं बांधलं. "आरामात राहू दे. हात झोपलाय असं समज."

मेदेरचा सेयित अतावर विश्वास नाही. तो तिला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथं बोटाचा एक्स-रे फोटो काढला. तिथल्या तरुण डॉक्टरनं फोटो उजेडात धरला आणि तेच सांगितलं: हाड मोडलेलं नाही, मुका मार आहे, सूज जाईल.

आणि सूज गेलीसुद्धा. मार्चअखेरच्या नवरोजच्या सणापर्यंत बोट बऱ्यापैकी बारीक झालं. जिपारनं धागा सोडला, खडू धरला, गाय पिळली. सगळे विसरून गेले.

मग ते बोट वाकायला लागलं.

हे आम्हाला कुणाला समजेना. लागलं तेव्हा सरळ होतं, सुजलं तेव्हा सरळ होतं, आणि आता दुखणं गेल्यावर, काही झालेलं नसताना, मधला सांधा हळूहळू वर उचलल्यासारखा झाला, बोट खाली झुकलं, आणि टोकाचं पेर मात्र उलट वर, नखाकडे मागे वळलं. डोंगरात एखादी वाट खाली उतरून पुन्हा चढते तसं. जिपार डाव्या हातानं बोट धरून सरळ करायची. सरळ व्हायचं. सोडलं की पुन्हा खाली.

शिक्षकांच्या खोलीत यावर रोज चर्चा. रशियन शिकवणाऱ्या बाईंचं म्हणणं, सांध्यात मीठ साठलंय. शिपायाच्या बायकोचं म्हणणं, नजर लागली, आपण जिंकलो ना. मी फोनवर शोधलं. फोननं मला सहा आजार सांगितले, त्यातले दोन इतके भयंकर की मी फोन पालथा ठेवला आणि जिपारला म्हटलं, "काही विशेष लिहिलेलं नाही."

खरी गोष्ट त्यांच्या चहाच्या पंगतीत घडली. त्या सकाळी मी दूध मागायला गेले होते म्हणून मी ते पाहिलं. बुरुलकान अपा तिच्या नेहमीच्या जागी बसली होती, दोन्ही हातांत चहाचा वाडगा. जिपार समोर बसून स्वतःचा वाडगा उचलत होती. अपाच्या हातांची गोष्ट सगळ्या गावाला माहीत आहे. कितीतरी वर्षांपासून तिची बोटं गाठाळ आणि वाकडी झाली आहेत. लोक म्हणतात, थंड ओढ्यात लोकर धुऊन धुऊन तसं झालं. तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट मधल्या सांध्यात वाकलेलं आणि टोकाला वर वळलेलं.

अपानं सुनेच्या बोटाकडे पाहिलं. मग स्वतःच्या बोटाकडे. मीही पाहिलं. एकाच साच्यातून काढल्यासारखी दोन बोटं.

अपानं वाडगा खाली ठेवला. चहा अर्धा होता. ती उठली आणि बाहेर गेली.

दुसऱ्या दिवसापासून घरातला रंगच बदलला. अपानं स्वतःचा वाडगा वेगळा ठेवला, त्याला लाल दोरा बांधला. टॉवेल वेगळा केला. कणकेला हात लावेना. गाय पिळायला जाईना. आधी सकाळची धार तिची असायची, ठणकत्या हातांनी का होईना. सगळ्यांत वाईट म्हणजे अदेमीला मांडीवर घेईना. पोर आजीच्या अंगावर चढायला जायची आणि अपा तिला कोपरानं, हाताचा स्पर्श न होऊ देता, बाजूला सारायची.

जिपार माझ्याकडे येऊन रडली.

"माझी किळस येते त्यांना," ती म्हणाली. "माझ्या बोटाकडे बघतात आणि तोंड फिरवतात. वाडगा वेगळा, नुरिपा एजे. मी काय महारोगी आहे?"

"त्यांचं स्वतःचं बोट तसंच आहे की."

"तेच तर. म्हणून चिडल्यात. त्यांना वाटतं मी त्यांची नक्कल करते."

हे ऐकायला विचित्र होतं, पण त्या दिवसांत दुसरं काही पटण्यासारखं कुणाकडे नव्हतं. आणि जिपारच्या मनात आणखी एक भीती होती. ती तिनं फार हळू सांगितली. लग्न होऊन आल्यापासून ती अपाबरोबर एकाच पातेल्यात हात धुते, एकाच पिठात हात घालते. हे अपाकडूनच तिला लागलं असेल का? आज एक बोट. उद्या दुसरं. मग खडू धरता येणार नाही, बटण लावता येणार नाही. अपाला आता स्कार्फची गाठही मारता येत नाही. जिपारच मारून देते.

"असं विचारू कसं?" ती म्हणाली. "तुमचा रोग मला लागला का, असं सासूला विचारायचं?"

मी म्हटलं, विचारू नको. आता वाटतं, तेव्हाच विचारलं असतं तर बरं झालं असतं. पण तेव्हा मला तेच शहाणपणाचं वाटलं.

मेदेरची अवस्था त्याहून वाईट. घरात दोन बायका, दोघीही गप्प, आणि दोघींची भांडी वेगळी. तो गाडीत बसून जेवायला लागला. एकदा मला म्हणाला, "एजे, माझं काय चुकलंय ते कुणीतरी सांगा, मी माफी मागून मोकळा होतो."

एप्रिलच्या शेवटी अपानं जाहीर केलं की ती कोचकोरला जाणार. तिथं तिची मुलगी सायरा असते. पाहुणी म्हणून नाही, राहायला.

आमच्याकडे आई धाकट्या मुलाच्या घरी राहते. मेदेर धाकटा. आई उठून मुलीच्या सासरी राहायला गेली तर गावात एकच अर्थ निघतो: सुनेनं हाकललं. जिपारनं तिच्यापुढे जेवण ठेवलं, डोकं खाली घालून उभी राहिली आणि म्हणाली, "अपा, माझ्याकडून काही झालं असेल तर सांगा."

"तुझ्याकडून काही झालेलं नाही," अपा म्हणाली.

"मग?"

"मग काही नाही. शनिवारी जाईन."

एवढंच. एखादीला शिव्या दिल्या तर निदान काय झालं ते कळतं. जिपार रात्रभर त्या एका वाक्याचे अर्थ लावत बसली.

शेवटी मीच मध्ये पडले. नारीन शहराच्या दवाखान्यात हाताची डॉक्टर आली आहे असं माझ्या भाचीनं सांगितलं होतं. कोचकोरचा रस्ता नारीनवरूनच जातो. मी म्हटलं, शनिवारी आधी जिपारचं बोट दाखवू, मग मेदेर अपाला पुढे सोडेल. मीही येते.

त्या गाडीतला प्रवास मला कधी विसरता येणार नाही. पुढे मेदेर. मागे एका खिडकीशी अपा, मांडीवर गाठोडं, हात शालीच्या आत लपवलेले. दुसऱ्या खिडकीशी जिपार, बोट मुठीत धरून. मध्ये मी. घाटात बर्फ वितळून रस्ता चिखलाचा झाला होता, गाडी घसरली की आम्ही तिघी एकमेकींवर आदळायचो, आणि प्रत्येक वेळी अपा घाईनं अंग चोरायची. जिपारच्या डोळ्यांत पाणी यायचं. मी दोघींना प्रवासात चघळायचं सुकं दही दिलं. दोघींनी घेतलं, कुणी खाल्लं नाही.

दवाखान्यात मेदेर गाडीचं चाक बघायला थांबला. अपा बाहेरच्या बाकावर गाठोडं घेऊन बसली. "तुम्ही या जाऊन," म्हणाली. जिपार आणि मी आत गेलो.

डॉक्टरचं नाव अनारकुल. पन्नाशीची, केस आखूड, बोलताना चष्मा काढून हातात खेळवायची सवय. तिनं आधी विचारलं, "काय लागलं होतं?"

"काही नाही," जिपार म्हणाली. "म्हणजे मार्चमध्ये चेंडू लागला होता, पण ते बरं झालं. हे नंतर आपोआप झालं."

"आपोआप," डॉक्टर म्हणाली. "बघू."

तिनं जिपारचा हात टेबलाच्या कडेवर असा ठेवला की बोट मधल्या सांध्यात काटकोनात खाली लोंबेल. मधल्या पेरावर स्वतःचं बोट दाबून धरलं. "आता मला वर ढकल. सरळ करायचा प्रयत्न कर."

जिपारनं ओठ आवळले. मधलं पेर हललं नाही. पण टोकाचं पेर, ज्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, ते काठीसारखं ताठ झालं.

"हे असं का करतंय?" जिपार म्हणाली. तिला वाटलं आपणच चुकीचं काहीतरी केलं. "मी तर मधलं उचलत होते."

"तू बरोबर उचलत होतीस. मधे दोरी तुटली आहे, म्हणून तुझा सगळा जोर टोकाला जातोय."

मग तिनं स्वतःच्या कोटाचं बटण धरलं. म्हणाली, बोटाच्या पाठीवरून एक दोरी जाते, ती मधल्या सांध्यापाशी पक्की बसलेली असते, तीच सांधा सरळ करते. चेंडूनं ती सुटली. तिच्या दोन्ही बाजूंनी आणखी दोन पट्टे जातात. मधली सुटल्यावर ते हळूहळू बाजूला घसरतात, सांधा त्यांच्या फटीतून वर येतो. "असं," म्हणून तिनं बटण काजातून अर्धं बाहेर काढलं. घसरलेले पट्टे आता बोट सरळ करायच्या ऐवजी मधला सांधा खाली ओढतात आणि टोक वर खेचतात. हे व्हायला काही आठवडे लागतात. म्हणून आधी सरळ होतं.

"पण हाड मोडलेलं नाही म्हणाले होते," मी म्हटलं.

"हाड मोडलेलं नाहीच. फोटोत हाड दिसतं, दोरी दिसत नाही."

म्हणजे सेयित अता बरोबर, तालुक्याचा डॉक्टर बरोबर, आणि बोट वाकडं. मी जिपारकडे पाहिलं. पहिलीतल्या मुलाला भागाकार शिकवल्यावर त्याचा होतो तसा तिचा चेहरा झाला होता.

"चेंडूनं?" तिनं पुन्हा विचारलं. "नक्की चेंडूनं? कुणाकडून लागलेलं नाही?"

डॉक्टर काही म्हणणार तेवढ्यात दार उघडलं. बुरुलकान अपा आत आली. गाठोडं काखेत. तिनं आमच्याकडे पाहिलं नाही, सरळ डॉक्टरच्या टेबलापाशी गेली.

"ही माझी सून," ती म्हणाली. "तिला हे माझ्याकडून लागलं. मी आज घर सोडून चाललेय, त्यामुळे आता आणखी लागणार नाही. एवढंच सांगा, घरात पाच वर्षांची पोर आहे. माझ्या हातचं खाते. तिला पण लागलं असेल का? अजून दिसत नाही. कधी दिसेल?"

जिपार सासूकडे बघत राहिली.

"काय लागलं?" डॉक्टरनं विचारलं. आता गोंधळायची पाळी तिची होती.

अपानं शालीतून हात काढले. मला वाटतं, कित्येक वर्षांत तिनं ते कुणापुढे असे मांडले नव्हते. टेबलावर ठेवले, जिपारच्या हाताशेजारी, पण मध्ये वीतभर अंतर राखून.

"बघा," ती म्हणाली. "हे माझं, हे तिचं."

डॉक्टरनं चष्मा घातला. अपाचे हात हातात घेतले तर अपानं ते मागे ओढले. "तुम्हालाही लागेल."

"लागत नाही," डॉक्टर म्हणाली. "द्या इकडे."

तिनं एकेक सांधा दाबून पाहिला. बोटांच्या मुळाशी, मनगटावर. विचारलं, सकाळी उठल्यावर हात किती वेळ ताठ असतात? अपा म्हणाली, दुसऱ्यांदा चहा होईपर्यंत. दोन्ही हातांत सारखंच का? हो. पायांच्या बोटांत? तिथंही. थकवा? अपानं खांदे उडवले, म्हणजे हो. तपासता तपासता डॉक्टरचा आवाज बदलत गेला. सांधे अजून गरम होते. इतक्या वर्षांनी, अजून.

"आजपर्यंत कुणाला दाखवलं?"

"सेयितला. तो म्हणाला, लोकरीची थंडी आहे."

डॉक्टरनं चष्मा काढला. अपाचा आजार वेगळा, तिनं सांगितलं. शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उलटतं. सांधा आतून सुजतो, वर्षानुवर्षं सुजत राहतो, आणि ती सूज त्याच मधल्या दोरीला आतून ताणून ताणून झिजवते. शेवटी तेच होतं: पट्टे घसरतात, सांधा वर येतो, बोट तसंच वाकतं. सुनेची दोरी एका चेंडूनं तुटली, सासूची सुजेनं झिजली. एकीचं दुसरीला लागलेलं नाही. लागूच शकत नाही.

अपानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दोन्ही बोटं सारखी आहेत."

"हो. दिसायला सारखी आहेत."

"माझे डोळे अजून चांगले आहेत."

"डोळे चांगलेच आहेत, अपा. पण दोन घरांची छपरं एकसारखी खचली तर कारण एकच असेल असं नाही ना? एकावर झाड पडलं, एकाच्या वाशांना वाळवी लागली."

"आमच्याकडे वाळवी नाही," अपा म्हणाली.

तेव्हा जिपार हसली. हसता हसता रडायला लागली. आणि अपाला त्याचाही अर्थ लागेना, ती माझ्याकडे वळून म्हणाली, "हिला काय झालं? दुखतंय का?"

"तुम्ही वाडगा म्हणून वेगळा केलात?" जिपार म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला माझी किळस आली."

"तुझी?" अपाच्या चेहऱ्यावर इतका प्रामाणिक गोंधळ मी कधी पाहिला नव्हता. "तुझी कशाला येईल?"

डॉक्टरनं जिपारच्या बोटाला ताठ धरून ठेवणारं स्प्लिंट करून दिलं, मधल्या सांध्यापुरतं, टोक मोकळं. नियम सोपा होता पण विचित्र: मधला सांधा सहा आठवडे क्षणभरही वाकू द्यायचा नाही, धुतानासुद्धा नाही, आणि टोकाचं पेर मात्र दिवसातून अनेकदा मुद्दाम वाकवायचं, म्हणजे घसरलेले पट्टे परत जागेवर ओढले जातील. उशीर झालाय, पण हातानं बोट सरळ होतंय तोवर आशा आहे, असं ती म्हणाली. अपाचं रक्त घेतलं आणि सांध्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं.

हे सगळं आटपून आम्ही गाडीत बसलो. मेदेरनं इंजिन सुरू केलं आणि आरशातून मागे पाहिलं. तिघींचे डोळे लाल. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.

"कोचकोर?" त्यानं विचारलं.

इंजिन चालू राहिलं.

"घरी," अपा म्हणाली. "कोचकोरला काय आहे?"

"सायरानं मेंढी कापली आहे, अपा."

"मग सायराच खाईल."

मेदेर बिचाऱ्यानं गाडी वळवली. घाटात गाडी घसरली तेव्हा अपानं सवयीनं अंग चोरलं, आणि मग जरा विचार करून परत सैल बसली.

पुढचे आठवडे सोपे गेले असं म्हणता येणार नाही. जिपारला गाय पिळता येईना, अपाला डॉक्टरनं मनाई केली. धार मेदेरकडे आली. त्यांची गाय पुरुषाला जवळ उभं करत नाही. पहिल्या दिवशी तिनं बादली उडवली. दुसऱ्या दिवशी मेदेर आईचा स्कार्फ डोक्याला बांधून आणि तिचं जाकीट घालून गोठ्यात गेला, आणि गाय उभी राहिली. कुंपणापलीकडून शेजाऱ्यांनी विचारलं, "नवीन सून कधी आणली, बुरुलकान?" अपा म्हणाली, "आत्ताच. रंगानं काळी आहे, पण कामाला बरी आहे."

मग मे महिन्यात शाळेचा वर्ष संपल्याचा, शेवटच्या घंटेचा समारंभ झाला. जिपारची मुलं फुलं घेऊन आली, फोटो निघाले. फोटोपुरतं तिनं स्प्लिंट काढून खिशात टाकलं. दिवसभर तसंच राहिलं. संध्याकाळी तिनं पाहिलं तर बोट पुन्हा झुकलेलं. ती नारीनला गेली, डॉक्टरनं ऐकून घेतलं, रागावली नाही, फक्त म्हणाली, "आता पहिल्यापासून मोजायचं."

"पहिल्यापासून म्हणजे? आधीचे आठवडे?"

"ते गेले."

जिपार घरी आल्यावर माझ्या ओट्यावर बसून म्हणाली, "एजे, एका दिवसानं ते सगळे आठवडे कसे जातात? जे बरं झालं होतं ते कुठं गेलं?" मला फक्त भूगोल येतो.

अपाच्या गोळ्यांचाही घोळ होता. सांध्यांच्या डॉक्टरनं मुख्य गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायला सांगितली होती. रोज घेतली तर धोका, हे तीन वेळा बजावून. अपाला ते पटेना. "हा कसला आजार, जो सहा दिवस सुट्टी देतो?" पण दर शुक्रवारी जिपार गोळी हातावर ठेवायची आणि अपा ती घ्यायची, मधूनमधून रक्त तपासायला जायची. जूनच्या शेवटी कधीतरी तिच्या लक्षात आलं की सकाळी हात लवकर सुटतात. तिनं कुणाला सांगितलं नाही. अदेमीला उचलून अंगणात फिरवलं, तेव्हा आम्हाला कळलं.

पण तिचं बोट वाकडंच राहिलं. ही गोष्ट तिला कुणी नीट समजावली नव्हती, किंवा समजावली होती आणि तिला पटली नव्हती. एका सकाळी जिपार तिला चहा द्यायला गेली तर अपा खिडकीशी बसली होती आणि तिच्या बोटावर जिपारचं जुनं स्प्लिंट होतं. कडक झालेल्या सांध्यावर ते बसत नव्हतं, म्हणून वरून पट्टी आवळून बांधलेली, आणि बोट निळं पडत चाललं होतं.

जिपारनं पट्टी सोडली. बोट चोळून दिलं.

"तुझं झालं तर माझं का होऊ नये?" अपा म्हणाली.

"तुमचा सांधा घट्ट झालाय, अपा. आता हातानं धरूनही सरळ होत नाही. सूज गेली, दुखणं गेलं. आकार राहणार."

"मग औषध कशाला घेते मी?"

"बाकीची बोटं तशी होऊ नयेत म्हणून."

अपा बराच वेळ बाकीच्या बोटांकडे बघत बसली, जणू ती प्रथमच दिसत होती.

जिपारचं बोट शरद ऋतूपर्यंत बरंचसं सरळ झालं. अगदी पूर्ण नाही. थोडा बाक राहिला, आणि टोकाचं पेर मुठीत पूर्ण मिटत नाही. डॉक्टर अनारकुल म्हणाली, उशिरा आलेल्या बोटासाठी हे चांगलं आहे. जिपारनं विचारलं, वेळेवर आले असते तर? डॉक्टर म्हणाली, तर कदाचित पूर्ण. "पण वेळेवर तर ते सरळ होतं," जिपार म्हणाली. "सरळ बोट कोण दाखवायला आणतं?" डॉक्टरनं चष्मा काढला, परत घातला. म्हणाली, चेंडू लागल्यावर मधला सांधा सुजला आणि जोर लावून सरळ होईना, एवढं जरी लक्षात ठेवलंस तरी पुढच्या बाईला पाठवशील.

त्या दिवशी आम्ही तिघी होतो, अपासुद्धा. बाहेर बाकावर एक मध्यमवयीन बाई बसली होती. तिच्या बोटाचं टोक गळून खाली लोंबत होतं, मधला सांधा ठीक. तिनं अपाचे हात पाहिले आणि भीत भीत विचारलं, "अपा, तुमचंही असंच सुरू झालं होतं का? मी पलंगाची चादर खोचत होते, तेवढ्यात हे झालं. मला वाटतं मला हा आजार झालाय."

बुरुलकान अपा तिच्या शेजारी बसली. तिचा हात स्वतःच्या हातात घेतला आणि डॉक्टरसारखं बोट उलटसुलट करून पाहिलं.

"तुझं वेगळं," ती म्हणाली. "आत दोऱ्या असतात. मधे एक, बाजूंना दोन. माझी वाळवीनं गेली. हिची चेंडूनं. तुझी..." ती थांबली. बोट पुन्हा पाहिलं. "तुझी टोकाची गेलेली दिसते. ती कशी बांधतात ते मला माहीत नाही. पण काढू नको. काय बांधतील ते काढायचं नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. नाहीतर पहिल्यापासून मोजतात."

"आणि हे लागतं का दुसऱ्याला?"

"नाही," अपा म्हणाली, आणि मग जरा घुटमळली. मान वळवून तिनं जिपारला विचारलं, "हिचंही नाही ना लागत?"

जिपारनं माझ्याकडे पाहिलं.

"विचारून येते," जिपार म्हणाली आणि डॉक्टरच्या दाराकडे गेली. अपानं त्या बाईचा हात सोडला नाही.